दिवाडी बेट: सायकलने किती, पायी किती (पुण्याहून जाणाऱ्यांसाठी)

पुण्याचा माणूस गोव्याला गेला की ठरलेलं असतं, कळंगुट नाहीतर पाळोळे, एक दिवस जुन्या गोव्याची चर्चेस, काजूची खरेदी आणि परत. पण जुन्या गोव्याच्या चर्चपासून उतारावर चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत फेरीबोटीचा धक्का लागतो आणि समोर मांडवी नदीत अख्खं बेट आहे, दिवाडी. इंग्रजी नकाशात दिवार लिहिलेलं असतं. बेटावर जायला गाड्यांचा पूल नाहीये, फेरीनेच जावं लागतं, आणि माझ्या मते म्हणूनच ते अजून बेट राहिलंय. कोकण रेल्वे बेटावरून जाते पण थांबत नाही, स्टेशन आहे नदीच्या अलीकडे करमळीला.

लोक करतात काय, सायकल किंवा स्कूटर घेऊन फेरीतून उतरतात, टेकडीवरच्या चर्चपुढे फोटो काढतात, एक गोल चक्कर मारतात आणि "छान आहे पण विशेष काही नाही" म्हणत परत. कारण बेट लहान आहे आणि सायकलच्या स्पीडने ते लगेच संपतं. त्यामुळे माझं साधं म्हणणं असं की सायकल फक्त मधल्या रस्त्यांसाठी वापरायची आणि बेटाचा काठ, म्हणजे शेतांचे बांध, खारफुटी, पाण्याची दारं, हे सगळं पायी बघायचं. आणि दिवसाचा प्लॅन घड्याळावर नाही तर भरती-ओहोटीवर करायचा. हे जमलं तर एक दिवस कमी पडतो.

आधी भरतीचा हिशोब

आपण पुण्याचे, आपल्याला पाणी म्हणजे खडकवासल्यातून सोडलेलं किंवा न सोडलेलं एवढंच माहीत. मांडवीचं पाणी इथे समुद्राबरोबर वर-खाली होतं, दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज साधारण पाऊण तासाने वेळ पुढे सरकते. ॲप असतात, मुरगाव किंवा पणजीचं टाइमटेबल बघा, पण कोकणातली जुनी पद्धत त्याहून सोपी आहे: तिथीला पाऊणपट करायचं. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. दोन्ही पंधरवड्यांना हेच गणित. ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास मागे किंवा पुढे. हिशोब ढोबळ आहे, थोडं इकडेतिकडे होणारच, पण घरी बसून कॅलेंडर बघत तारीख ठरवायला बास आहे.

आता आपल्याला हवं काय, तर सकाळी आठ-नऊच्या सुमारास ओहोटी, म्हणजे ऊन चढायच्या आत चिखलाचे पट्टे उघडे पडलेले, पक्षी खाली उतरलेले आणि बांधाची बाहेरची बाजू दिसतेय. उलटं गणित केलं तर हे द्वितीया ते चतुर्थीला जमतं. पौर्णिमा किंवा अमावास्या होऊन दोन-चार दिवस झालेले असतात, उधाण पुरतं ओसरलेलं नसतं, त्यामुळे पाणी आत भरपूर येतं आणि बाहेर भरपूर जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा फरक कमी पडतो, बघायला मजा कमी. आधी तिथी बघा, मग ऑफिसमध्ये रजा टाका, उलटं करू नका.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुण्यात ऑक्टोबर हीट असली तरी घाम वाळतो, तिकडे वाळतच नाही, म्हणून पुण्यात आरामात चाळीस किलोमीटर मारणारा माणूस तिथे वीसला गळपटतो. एक लक्षात ठेवा, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं आणि त्याच्या आधीचे नऊ दिवस नोव्हेना चालतात, तेव्हा धक्क्याकडच्या रस्त्यावर तुफान गर्दी असते. फेस्त बघायचं असेल तर जरूर जा, सायकलसाठी नको. पावसाळ्यात बेट वेडं करून टाकतं, सगळीकडे भात, पण बांध निसरडे असतात, तेव्हा पायी फिरण्याचा अर्धा भाग सोडून द्यावा लागतो. ऑगस्टच्या शेवटी-शेवटी बोंदेरां नावाचा गावचा सण असतो, चौथ्या शनिवारी, पूर्वी गावातल्या वाड्यांमध्ये हद्दीवरून भांडणं व्हायची आणि निशाणं रोवून हद्द दाखवायचे, त्याची आता मजेशीर जत्रा झालीये, पोरं फोटाश नावाच्या बांबूच्या पिचकारीतून छोटी फळं उडवतात. त्या दिवशी सायकल घरीच ठेवा, चालायलाही जागा नसते.

पुण्याहून सायकल न्यायची का

तीन मार्ग आहेत. ट्रेन, बस, किंवा न नेता तिकडेच भाड्याने घ्यायची.

ट्रेनने म्हणजे गोवा एक्स्प्रेस, पुण्यावरून मिरज, बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक करत मडगावला जाते. सायकल पार्सल ऑफिसमधून स्वतःच्या तिकिटावर लगेज म्हणून बुक करायची. गाडीच्या वेळेच्या बऱ्यापैकी आधी जा, शेवटच्या अर्ध्या तासात गेलात तर खिडकीवरचा माणूस तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती नजर पुणेकरांना समजावून सांगायची गरज नाही. हँडल, फ्रेम आणि सीट गोणपाटाने गुंडाळा, नाव, फोन नंबर, कुठून कुठे हे पुठ्ठ्यावर ठळक मार्करने लिहून दोन ठिकाणी बांधा, एक सुटलं तर दुसरं राहतं. आणि बुकिंग मडगावचं करा, मध्येच एखाद्या छोट्या स्टेशनचं नको, मोठ्या स्टेशनवर सामान उतरवायला वेळ मिळतो.

स्लीपर बसने जाणं सोपं, स्वारगेटहून घ्या नाहीतर वाकडहून, रात्री बसलात की सकाळी पणजी. पण डिकीत सायकल घेणार का आणि किती घेणार हे बुकिंग करतानाच फोनवर विचारून ठेवा, रात्री अकरा वाजता फूटपाथवर उभं राहून घासाघीस करायची वेळ आणू नका. पुढचं चाक काढा, पेडल काढा, हँडल फिरवून फ्रेमला समांतर करा आणि सायकल आडवी ठेवताना चेनची बाजू वर. हे फार महत्त्वाचं आहे, कारण मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) खाली आला आणि त्यावर कुणाची आंब्याची पेटी पडली की तो जिथे अडकवलेला असतो तो हँगर वाकतो आणि मग बेटावर तुम्ही एकाच गिअरवर फिरता. डिरेलरवर पुठ्ठ्याचा तुकडा बांधला तर अजून चांगलं.

एक-दोन दिवसांसाठी जात असाल तर खरं सांगू का, भाड्याने घ्या. पणजीत सायकली मिळतात, दिवाडीवर ई-बाईकवरून गाइड घेऊन फिरवणाऱ्या टूरही निघतात, ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी उत्तम. फक्त भाड्याची सायकल ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून सायकल पुढे ढकलून बघा, चाक फिरवून रिम डगमगते का बघा, आणि सीटची उंची तिथेच करून घ्या: पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला पाहिजे. बरेच लोक सीट खाली ठेवून चालवतात आणि संध्याकाळी गुडघे धरून बसतात.

स्वतःची नेत असाल तर हायब्रिड किंवा साधी एमटीबी. रोड बाईकचं काम नाही, बारीक टायर जांभ्याच्या खडीवर घसरतो. बरोबर एक जास्तीची ट्यूब, पंक्चर किट, टायर लिव्हर, छोटा पंप, ॲलन कीचा सेट. बेटावर सायकलचं दुकान मिळेल या भरवशावर राहू नका. तयारी म्हणून सिंहगड चढायची काही गरज नाही, शहरातून खडकवासल्यापर्यंत जाऊन न कुरकुरता परत येता येत असेल तर दिवाडी निवांत होतं, आख्ख्या बेटावर चढ म्हणण्यासारखा एकच आहे.

पणजी ते धक्का

मुक्काम पणजीत करा किंवा बेटावरच्या होमस्टेत. पहिल्यांदा जात असाल तर मी पणजी म्हणेन, कारण पणजी ते जुनं गोवं हा नदीकाठचा दहाएक किलोमीटरचा रस्ताच सायकलवाल्याला अर्धी सहल वाटतो. फक्त कदंब पठारावरून जाणारा हायवे घेऊ नका, गुगल मॅप कधीकधी तिकडे ढकलतो. रायबंदरवरून जाणारा जुना रस्ता घ्या. पणजीतून निघालं की लगेच तीनेक किलोमीटरचा सपाट सरळ बांधावरचा रस्ता लागतो, पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं नि खारफुटी. सकाळी सहा-साडेसहाला निघा, लाइट लावून, उजाडता उजाडता रायबंदर येतं, तोपर्यंत गावात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पों पों करत फिरायला लागलेला असतो. त्याच्याकडून गरम पोई घ्या, चार-पाच घ्या, बॅगेत टाका, दुपारपर्यंत उपयोगी पडतात. पोई म्हणजे कोंड्याची, आतून पोकळ, नुसतीही खाता येते.

जुन्या गोव्यात बॉम जेझसचं बॅसिलिका (१६०५) आणि से कॅथेड्रल रस्त्यावरच आहेत, पण ती आत्ता नको, परत येताना. सरळ खाली नदीकडे उतरा, व्हाइसरॉयच्या कमानीखालून जायचं. वास्को द गामाचा पणतू इथे व्हाइसरॉय होऊन आला होता, त्याने सोळाव्या शतकाच्या शेवटी पणजोबांच्या आठवणीत ही बांधली, पुढे ती पडली आणि १९५४ मध्ये परत उभी केली. कमानीच्या पुढे लगेच धक्का.

फेरीत चढायची एक पद्धत आहे. बोट लागली की आधी आतल्या गाड्या बाहेर येतात, तोपर्यंत रॅम्पच्या मध्ये सायकल आडवी लावून उभं राहायचं नाही, हे सांगावं लागतं कारण आपण सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगच्या पुढे उभं राहायला शिकलेले लोक आहोत. सायकलवरून उतरून चालत चढा, लोखंडी रॅम्प ओला असतो आणि त्यावर शेवाळं असतं, चढताना चाक घसरलं तर चालतं, बसून चढताना तुम्ही घसरलात तर नाही. आत कडेला कठड्याला सायकल टेकवून हाताने धरून उभं राहा, स्टँडवर सोडू नका, बोट वळताना ती शेजारच्याच्या स्कूटरवर जाते. चालत जाणाऱ्याला तिकीट नसतं. पलीकडे जायला फार वेळ लागत नाही, काही मिनिटांचा प्रश्न आहे, पण बोट सुटायची वाट बघण्यात वेळ जाऊ शकतो, म्हणून "फेरी केन्ना येता?" असं विचारायला शिका, मराठीत विचारलं तरी उत्तर मिळतंच. परतीची शेवटची फेरी कधी हे मात्र सकाळी जातानाच विचारून घ्या, आणि बोटीवरच्याच माणसाला विचारा, नेटवर वाचलेलं धरून चालू नका.

बेटावर: मधला रस्ता सायकलने

धक्क्यावरून रस्ता सरळ शेतांमधून निघतो, दोन्ही बाजूला सपाट पाणथळ जमीन आणि समोर टेकडी. टेकडीवर पिएदाद गाव. इथे घाई करू नका, कारण ही शेतं साधी नाहीत, पण त्याबद्दल पुढे. टेकडीचा चढ छोटा आणि खडा आहे, गिअर आधीच हलका करून घ्या, चढावर जोर लावत गिअर बदलला की चेन उतरते. नाही जमला तर उतरून ढकला, लाज कसली, गावातली माणसं सकाळी चर्चला चालतच जातात.

वर पिएदादचं चर्च, पांढरंशुभ्र, आणि त्याच्या आवारातून मांडवी, खाली पसरलेली शेतं आणि पलीकडे जुन्या गोव्याच्या चर्चेसचे मनोरे दिसतात. सगळे इथूनच फोटो काढून परततात. तुम्ही शेजारच्या दफनभूमीतलं छोटं चॅपेल बघा, ते पोर्तुगीजांच्या आधीच्या कदंब राजांच्या काळातल्या देवळाचा उरलेला भाग आहे असं मानतात, छताचं नक्षीकाम बघितलं की चर्चच्या घडणीतलं हे नाही हे लगेच कळतं. टेकडीवर पूर्वी गणपतीचं देऊळ होतं, पोर्तुगीजांच्या काळात मूर्ती हलवली, ती फिरत फिरत शेवटी खांडोळ्याला गेली, आज तिथे महागणपतीचं देऊळ आहे. दफनभूमी आहे हे लक्षात ठेवून आत जा, कुणी फुलं ठेवायला आलेलं असेल तर बाहेर थांबा.

पिएदादमधून सायकल मळार, गोलतीकडे मोकळी सोडा. गल्ल्या अरुंद, वळणं आंधळी, घंटी वाजवत जा. जुनी घरं आहेत, मोठे व्हरांडे, शिंपल्यांच्या खिडक्या, एक-दोन घरांसमोर थांबल्याशिवाय राहवत नाही. थांबा, बघा, पण फाटकाच्या आत जाऊन फोटो काढू नका. आपल्याकडे पुण्यात पाटी लावतात, तिथे लावत नाहीत, म्हणजे परवानगी आहे असं नाही. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीत, कुणी आजी बसलेली असेल तर हात जोडून "देव बरो दीस दिवं" म्हणा, बहुतेक वेळा तीच विचारते कुठून आलात, आणि पुणे म्हटल्यावर तिचा एखादा नातेवाईक खडकीत किंवा कॅम्पात निघतोच.

काठ पायी

आता मूळ गोष्ट. चर्चच्या आवाराबाहेर किंवा एखाद्या दुकानाशेजारी सायकल झाडाला लॉक करा, दुकानदाराला सांगून ठेवा, आणि शेतांकडे चालत उतरा. बांधावर सायकल न्यायची नाही. जागा अरुंद असते हे एक कारण, आणि बांध मातीचा असतो, त्याला चाकाने चर पडली की भरतीचं खारं पाणी तिथूनच आत घुसतं, हे दुसरं. बांध फुटला की शेत खारं होतं आणि परत भात पिकवायला लायक व्हायला वेळ लागतो.

ही खाजन शेती. नदीच्या पात्रातली, भरतीला बुडणारी जमीन शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी बांध घालून सुकवली. शेत नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे बांधावर उभं राहिलात की डावीकडे नदी वर आणि उजवीकडे शेत खाली, हे पहिल्यांदा बघताना डोकं चक्रावतं. खारं सहन करणारी कोरगुट नावाची भाताची जात इथे पावसाळ्यात लावतात.

या सगळ्याचं डोकं म्हणजे मानस. बांधात जिथे ओढा किंवा खाडी आत येते तिथे जांभ्या दगडाचं बांधकाम आणि त्यात लाकडी दारं, तीच मानस. एक शोधा, बेटावर आहेत, शेतात कुणालाही "मानस खंय?" विचारा. मग ओहोटी संपून भरती सुरू व्हायच्या वेळी तिथे बसा, अर्धा तास तरी. आधी आतलं पाणी दाराला बाहेर ढकलत सुळसुळ वाहत असतं, दार किंचित उघडं, फटीतून बारीक मासे. मग प्रवाह मंदावतो, पाण्यावरची वाळकी पानं एका जागी उभी राहतात, काही मिनिटं काहीच होत नाही. मग बाहेरची पातळी चढायला लागते, पानं उलटी फिरतात, दार हलकेच कुरकुरतं आणि धप्प करून मिटतं. कुणी हात लावत नाही, मोटर नाही, सेन्सर नाही, पाण्याचा दाबच दार लावतो आणि सहा तासांनी तोच उघडतो. आमच्यासारख्या आयटीवाल्यांनी तर हे बघायलाच पाहिजे. ओहोटीला त्याच तोंडाला जाळी लावून मासे पकडतात, त्याचा लिलाव होतो, त्यामुळे जाळी, दोर, काठ्या जे दिसेल त्याला हात लावू नका, कुणीतरी त्याचे पैसे भरलेत.

बांधावर चालताना एकामागे एक चला. बुटांचं सोल चांगलं पकड असलेलं पाहिजे, फ्लोटर्स चालतील, रबरी स्लीपर अजिबात नको. खेकड्यांची बिळं असतात, पाय आत गेला तर घोटा मुरगळतो, म्हणून नजर पक्ष्यांवर असताना थांबा आणि चालताना खाली बघा. पूर्ण पँट घाला, डासांसाठी पण आणि गवतासाठी पण. खारफुटीच्या बाहेर चिखलातून उभ्या काड्यांसारखी मुळं वर आलेली असतात, झाड त्यातूनच श्वास घेतं, त्यावर पाय देऊ नका. बगळे, खंड्या, डोक्यावर ब्राह्मणी घारी, हिवाळ्यात चिखलात पळणारे छोटे पाणपक्षी, दुर्बीण असेल तर न्याच.

आणि पाण्यात उतरायचं नाही. मांडवी आणि झुआरीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा इथून जवळच आहे आणि त्यात मगरी आहेत, अगदी खऱ्या. कालव्याच्या आसपासच्या काही गावांत पौष अमावास्येला मातीची मगर करून तिची पूजाही करतात, मानगे थापणी म्हणतात. बांधावर बसून पाय पाण्यात सोडायचा मोह झाला तर हे आठवा. ब्लूटूथ स्पीकरही नको, त्याला मगर काही करणार नाही पण शेतातला माणूस करेल.

जेवणाचं सांगायचं तर गावात छोटी ठिकाणं आहेत, माशाची थाळी म्हणजे शीत-कडी (भात आणि माशाची आमटी), सोबत तळलेला तुकडा, सोलकढी. शाकाहारी माणसाने सकाळीच भाजी-पाव खाऊन घ्यावा, पातळ भाजी मागा, बरोबर बन्स मिळाले तर सोडू नका. दुपारी एक ते चार सगळं बंद असतं, याबद्दल पुणेकराने कुणाला बोलायचं कारण नाही. त्या वेळात झाडाखाली पडा, ऊनही तेव्हाच असतं. फेणी किंवा उन्हाळ्यातला हुर्राक (काजूची हलकी दारू) संध्याकाळी, सायकल लॉक झाल्यावर. दिवसभरात माणशी दोन लिटर पाणी धरून चला, त्यात एक मीठ-साखरेचं. रोख पैसे सुटे ठेवा.

नार्वे

दुपारनंतर सायकल काढून बेटाच्या नार्व्याकडच्या टोकाला जा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ इथे होतं, गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत, त्यांच्या नाण्यांवरसुद्धा त्याचं नाव आहे. चौदाव्या शतकात ते एकदा पाडलं गेलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने परत बांधलं, मग सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं आणि देवाबरोबर गावाचं नावही गेलं, त्यामुळे नार्वे दोन्ही काठांवर आहे. बेटावरच्या नार्व्यात जुनं कोटितीर्थ, म्हणजे तळं, बघता येतं.

मग तिथल्या धक्क्यावरून दुसरी फेरी घ्या आणि पलीकडच्या नार्व्यात उतरा. तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधायला घेतलं, दारावर शके १५९० चा शिलालेख आहे, महाराजांच्या आज्ञेने काम सुरू झाल्याचा. अलीकडे डागडुजी होऊन २०२३ मध्ये देऊळ परत खुलं झालं. छोटं, झाडीत दडलेलं, समोर दीपस्तंभ, आत कडा असलेलं धारालिंग. शनिवारवाड्याशेजारी वाढलेल्या माणसाने हे पाहिलेलं नसतं याचं मला कायम आश्चर्य वाटतं, महाराजांचं नाव घेत आपण रायगड-राजगड करतो आणि गोव्यात गेल्यावर बीचवर झोपतो.

इथून दोन पर्याय. दम असेल आणि ऊन उतरलं असेल तर मयेच्या बाजूने चोडण बेटावर जाता येतं, रस्त्यानेच, आणि चोडणवरून फेरीने थेट रायबंदर. हा रस्ता थोडा वर-खाली आहे, अंधार पडायच्या आत चोडणचा धक्का गाठता येईल असं असेल तरच घ्या. नाहीतर आलात तसे परत दिवाडीवरून. चोडणच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरची नुसती खारफुटी, ते मात्र वेगळ्या सकाळी करा, सायकल गेटवर ठेवून पायी, आणि तिथेही ओहोटीच बघून. दोन्ही बेटं एकाच दिवशी उरकायच्या नादात सगळा वेळ फेऱ्यांची वाट बघण्यात जातो.

ग्रुप असेल तर चार-सहा जणांच्या वर नको. बारा जण झाले की फेरीत मावत नाही असं नाही, पण बांधावर एकामागे एक बारा जण चालले की मिरवणूक होते आणि पक्षी उडतात. दहा-बारा वर्षांची मुलं आरामात करतात, त्यांना मानस सगळ्यात जास्त आवडते.

परत आल्यावर सायकल तशीच पार्किंगमध्ये लावून ठेवू नका. खारी हवा, फेरीवरचे शिंतोडे, जांभ्याची लाल धूळ, हे चेनमध्ये बसलं की आठवड्यात तांबेरा दिसतो. गोड्या पाण्याने साधं धुवा, प्रेशर पंपाने नको, बेअरिंगमध्ये पाणी जातं. फडक्याने पुसा, तासभर उन्हात ठेवा, मग चेनच्या प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल आणि जास्तीचं पुसून काढा. स्पोकची बुडं, सीट पोस्टच्या खालचा स्क्रू आणि ब्रेकच्या केबलची टोकं पण बघा, गंज तिथून सुरू होतो.